आधी थ्रीडी, मग कामाचं बघू

बेळगावातल्या तुमच्या सहकारी पतसंस्थेच्या, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीच्या, ऑफिसचं नूतनीकरण करायचं ठरलं असेल तर आधी अभिनंदन. आणि लगेच एक ताकीद: तिथे काम कसं चालतं, हे तिथे बसणाऱ्या कुणालाही विचारू नका. विचारलंत की संपलं. कॅशियर म्हणणार, पायाशी प्लग नको, टेबलावर पाहिजे. क्लार्क म्हणणार, कपाट हाताशी पाहिजे. शिपाईमामा म्हणणार, कप विसळायला नळ पाहिजे. असल्या फुटकळ मागण्यांतून थ्रीडी तयार होत नसतो.

थ्रीडी म्हणजे डिझायनर लॅपटॉपवर दाखवतो ते चित्र. त्यात कोपऱ्यात हिरवंगार झाड असतं, काचेपलीकडे सुटातला गोरा माणूस असतो आणि टेबलावर एक लॅपटॉप, एक मग. बस्स. लेजर दिसत नाही, शिक्क्याचं पॅड दिसत नाही, थकबाकीच्या नोटिसांचा गठ्ठा दिसत नाही. तुमच्या खडेबाजारातल्या सोसायटीत सूट घालून आलेला शेवटचा माणूस विमा विकायला आला होता, हे खरं. पण संचालकांपैकी एकाने चित्र बघून ‘बेंगलोरसारखं वाटतंय की’ म्हटलं, म्हणजे ठराव मंजूर.

आता भिंती पाडा. सध्या ओपन ऑफिसचा जमाना आहे. रविवार पेठेतल्या अडतीच्या पेढीवर मालक, दिवाणजी आणि गिऱ्हाईक एकाच गादीवर बसायचे. ते जुनाट म्हणून आपण कधीच सोडलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्नेले बंधूंनी भिंती काढून टेबलं मोकळी मांडली, ते मात्र आधुनिक. अर्थात त्या जर्मनांनी आधी कुठला कागद कुणाकडून कुणाकडे जातो याचा माग काढला आणि त्यावरून टेबलांच्या जागा ठरवल्या. एवढा उपद्व्याप आपल्याला कुठला झेपायला? आपण खिडकीपाशी चेअरमनांचा भाचा बसवायचा आणि संडासापाशी वसुली विभाग.

अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी 1968 साली हर्मन मिलर कंपनीसाठी हवी तशी हलवता येणारी पॅनेल काढली. माणसाने कधी बसून, कधी उभं राहून, आपल्या सोयीने काम करावं हा त्यांचा हेतू. कंपन्यांनी त्याच पॅनेलची चौकोनी खुराडी केली, कारण खुराड्यात माणसं जास्त मावतात. प्रॉप्स्ट पुढे या प्रकाराला चांगलेच वैतागले. तुम्ही वैतागू नका, स्क्वेअर फूट मोजा.

2018 साली हार्वर्डच्या दोन संशोधकांचा अभ्यास आला. दोन कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात यंत्रं अडकवून त्यांनी मोजलं, तर भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलेलं आणि ईमेल वाढलेले. ही माहिती संचालक मंडळाच्या सभेत जरूर वाचून दाखवा. कर्मचारी एकमेकांशी बोलत नाहीत, याहून मोठं यश सहकारात आणखी काय असतं?

भिंती पाडल्या तरी चेअरमनांची केबिन हवीच. ती नैऋत्येला, तोंड उत्तरेला. नैऋत्येला आधीच संडास असेल तर संडास हलवा, पाइपलाइनचा खर्च ‘किरकोळ’मध्ये टाका. केबिनला बारा एमएमची टफन काच लावा आणि पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच न्या. वर मूळ स्लॅबपर्यंत नेणं म्हणजे वायफळ खर्च. आवाज सीलिंगच्या टाइल्समधून वरच्या पोकळीत शिरतो आणि पलीकडे अलगद खाली उतरतो. आत चेअरमन खालच्या आवाजात ‘पावणं, तीन हप्ते थकलेत बघा’ म्हणाले, की बाहेर सोफ्यावर बसलेल्या पाव्हण्यांच्या व्याह्यांना ते स्पष्ट ऐकू जातं. वसुलीला वेगळी माणसं नेमायची गरज उरत नाही.

केबिनच्या काचेवर एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. संस्थापकांचे चंदनाच्या हारातले फोटो, शिवाजी महाराज, लक्ष्मी आणि गेल्या साली मिळालेल्या ‘अ’ वर्गाच्या ऑडिटचं सर्टिफिकेट, हे सगळं टांगायला काचेत खिळा ठोकता येत नाही. डिझायनर म्हणेल, फोटो आता ‘डिजिटल’ करूया. ज्येष्ठ संचालक उठून जातील. मग सगळे फोटो एकावर एक रचून रेकॉर्ड रूममध्ये ठेवले जातील आणि खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर येतील. त्या दिवशी पांढऱ्या सनमायकाच्या काउंटरवर हळदीकुंकवाचे पट्टे ओढले जातील, ते पुढच्या खंडेनवमीपर्यंत निघत नाहीत.

दिव्यांच्या बाबतीत कंजुषी नको. तीन हजार केल्विनचे पिवळसर प्रोफाइल लाइट सगळीकडे सोडा, विशेषतः सोनेतारण काउंटरवर. तिथे दर मंगळवारी सराफ येतो. तो आजवर खिडकीशी स्टूल ओढून बसायचा, कसोटीवर दागिना घासायचा आणि उमटलेली रेघ दिवसाच्या उजेडात डोळ्याजवळ नेऊन बघायचा. ती खिडकी आता आतून प्लायने बंद झाली, तिच्यावर संस्थेचं बोधवाक्य आलं. पिवळ्या उजेडात पितळही बावीस कॅरेटचं दिसतं. कर्जवाटपाचं उद्दिष्ट मार्चपर्यंत कुठल्या कुठे जाईल.

पिग्मी एजंटांची तर आठवणच ठेवू नका. 1928 साली सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली, तेव्हापासून कर्नाटकातली कितीतरी घरं याच रोजच्या चिल्लरीवर उभी राहिली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गणपत गल्लीतली भाजीवाली, तिकडचा टेलर, सायकल दुकानदार, सगळ्यांचे दहा-वीस-पन्नास गोळा करून हे लोक येतात. पिशवी उलटी करतात, दहाच्या नोटा सरळ करून गड्डी बांधतात, नाण्यांचे मनोरे रचतात, यंत्रातली पावती मोजणीशी ताडून बघतात. एक आकडा चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यांना फार काही लागत नाही, कडा वर उचललेलं एक लांब टेबल आणि वर एक दिवा. पूर्वी ते होतं. सागवानी होतं, शाईचे डाग पडलेलं. तुम्ही ते भंगारात द्या. ते घासूनपुसून गोव्यातल्या कुठल्याशा कॅफेत जाईल आणि लोक त्यावर दोनशे रुपयांची कॉफी पितील. इथे एजंटांसाठी ‘लाउंज’ करा, बुटके गुबगुबीत सोफे आणि मध्ये गुडघ्याएवढा गोल टीपॉय. नाणी गडगडत सोफ्याच्या फटीत जातील. संध्याकाळी आठ वाजता चार मोठी माणसं गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात पाच रुपये शोधताना दिसली, की समजा, जागा ‘इंटरॅक्टिव्ह’ झाली. (मला विचाराल तर या गावातल्या सोसायट्या त्या टेबलावर उभ्या आहेत, चेअरमनांच्या केबिनवर नव्हेत. पण मला कुणी विचारत नाही, आणि तुम्हीही विचारू नये.)

हवामानाचं टेन्शन घेऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत उंच छपरं आणि झरोके एवढ्यावर भागायचं, हे मान्य. म्हणून तर अकरा फुटांचं छत साडेआठ फुटांवर आणायचं, झरोके बुजवायचे आणि मग एसी बसवायचा. गरजच नसेल तर बसवलेला एसी शोभेल कसा? वीज गेली की जनरेटर, जनरेटर बंद पडला की दार उघडं ठेवायला शिपाईमामा विटेचा तुकडा घेऊन उभे.

पाऊस मात्र जरा चिवट असतो. मृगापासून गणपतीपर्यंत जांबोटी-खानापूरकडून येणारा खातेदार गुडघ्यापर्यंत भिजलेला असतो. त्याच्यासाठी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घाला. छत्री ठेवायला जागा करू नका, तिने एंट्री बिघडते. ओल्या छत्र्या मग आपोआप त्या थ्रीडीतल्या हिरव्या झाडाच्या कुंडीत उभ्या राहतील. झाड प्लास्टिकचं असल्याने त्याचं काही बिघडत नाही.

कॉन्फरन्स रूम मोठी करा, अगदी मोठी. ती वापरायची किती, हा प्रश्न कोत्या मनाचा. हलग्याजवळचं कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध बघा. 2012 साली उद्घाटन झालं, हायवेवरून जाणाऱ्याची मान आपोआप वळते, आणि विधिमंडळ तिथे भरतं ते हिवाळी अधिवेशनाचे मोजके दिवस. त्याच्या आवारात कुणीतरी शेवया वाळत घातल्याचा फोटो 2022 साली गावभर फिरला. केवढा गहजब झाला! सपाट फरशी, दिवसभराचं ऊन, वर्दळ नाही; अख्ख्या इमारतीत जागेचा उपयोग ओळखलेली ती एकच व्यक्ती असावी. तुमच्या कॉन्फरन्स रूममध्येही वार्षिक सभेचे अहवाल, मोडक्या खुर्च्या आणि वाटून उरलेले भेटीचे स्टीलचे डबे आरामात राहतील.

पाटीचा खर्च वेगळा धरा. कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं आहे. उरलेल्या चाळिसात संस्थेचं मराठी नाव, इंग्रजी नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि डिझायनरचा आवडता लोगो बसवायचा आहे. लोगो लहान होणार नाही. त्यामुळे आजवर ज्या नावाने सभासद संस्थेला हाक मारतात ते वाचायला रस्ता ओलांडून अगदी पायरीपर्यंत यावं लागेल. त्या निमित्ताने लोक आत तरी येतील.

कामाच्या वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. सुतार कन्नडमध्ये ‘नाळे बर्तीन्री’, म्हणजे ‘उद्या येतो’, म्हणेल. ते उद्या, परवा की दिवाळीनंतर, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. कोटेशनमध्ये प्लाय पाण्यात टिकणारा 710 नंबरचा असेल, येईल तो साधा 303. बिल तुम्ही 710 चंच पास करा. सनमायकाच्या आत कोण बघतो? पावसाळा बघतो, पण तो सभासद नाही, त्याला मत नाही.

उद्घाटन मंत्र्यांच्या तारखेनुसार ठेवा, रंग वाळण्यानुसार नव्हे. फीत कापल्यावर सगळ्यांना कुंदा वाटा आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांना नव्या जागी बसू द्या. आठवडाभरात ते सीलिंगला भोक पाडून वायर खाली सोडतील, ड्रॉवरमध्ये लेजर मावत नाही म्हणून जमिनीवर खोकी मांडतील, आणि कॅशियर जुन्या गोडाऊनमधून स्वतःची लाकडी खुर्ची गुपचूप उचलून आणेल. त्यांना कारणे दाखवा नोटीस द्या. सहकाराची शिस्त पाळायलाच हवी.

संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. पुढचं पॅनेल निवडून आलं की नव्या चेअरमनांच्या ज्योतिषाला केबिन वायव्येला हवी असेल. फाइल जपून ठेवा. तोच डिझायनर, तोच सुतार, तेच कोटेशन चालतं. तारीख खोडायला व्हाइटनर लागेल, तेवढा स्टेशनरीत आधीच मागवून घ्या.