कठड्यावर बसायला कोण येतंय?

आज पुतणी अर्ध्या तासातच मैदानावरून परत आली. आठवीत आहे. चार वर्षं खो-खो खेळतेय, पोल मारताना तर बघत राहावं अशी. दप्तर टाकून म्हणाली, "आत्या, मी उद्यापासून जाणार नाही. मला आता आवडत नाही."

आवडत नाही? मी पोळ्या लाटत होते, तेव्हा ओट्यापाशी येऊन हळूच खरं सांगितलं. कठड्यावर मुलं बसतात. ती पळायला लागली की बघतात, हसतात.

पोटात गोळा आला. मीही आठवीतच सोडलं होतं. सूर मारून उठले आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आता मोठी झालीस, जरा जपून पळ." दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगितलं, पुन्हा गेलेच नाही. घरी कुणी विचारलंही नाही. उलट, बरं झालं, अभ्यास करेल!

आणि आपण म्हणायचं, हल्लीच्या मुली आळशी, मोबाइल सुटत नाही. अहो, तेराव्या वर्षी मुलीचं निम्मं लक्ष स्वतःच्या अंगावरच असतं. शर्ट वर गेला का, डाग पडला का, कोण बघतंय. त्यात हुलकावणी चुकली, लवकर बाद झाली, की आपल्याला जमतच नाही हे मनात पक्कं. वर घरातून "काळी पडशील", "पाळीत कशाला पळतेस". जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल हवी म्हणते. त्यांच्याच 2016 च्या आकड्यांत 11 ते 17 वयाच्या जगभरातल्या शंभरातल्या 85 मुलींची ती होत नाही. मुलांचेही 78 आहेत, मान्य. पण मुलांना कुणी जपून पळ म्हणत नाही!

जानेवारी 2025 मध्ये प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपणच फोटो टाकले होते ना? मग आपल्या गल्लीतल्या पोरीचं काय?

संध्याकाळी अंधार पडतो, काळजी वाटते, तेही कळतं मला. सरही वाईट नव्हते. काळजीनेच बोलले असतील. पण सत्तावीस वर्षं झाली, अजून बस पकडायला धावताना माझा एक हात आपोआप छातीशी जातो.

तिचा हात तसा जायला नको.

उद्या साडेपाचला तिच्याबरोबर मी जातेय. त्याच कठड्यावर, त्या मुलांच्या शेजारी बसणार आहे. ज्यांच्या मुली तिथे खेळतात त्यांनी या. निवडायची भाजी आणा, विणकाम आणा, पण या. तो कठडा आपण भरू.