तिसऱ्या चाकाची हवा

"टू-व्हीलरला दोन चाकं असतात, साहेब. तिसऱ्याचे दहा रुपये."

हे मला पेट्रोल पंपावर, 'मोफत हवा' या पाटीखाली उभं करून सांगण्यात आलं. पाटी मराठीत होती, मोठ्या अक्षरांत होती, आणि तिच्यावर चाकांची मर्यादा कुठेही नव्हती.

आमची गाडी म्हणजे वडिलांची जुनी चेतक, डावीकडे साइडकार जोडलेली. आईचे गुडघे मागच्या सीटवर चढू देत नाहीत आणि ठाण्यात वर्तकनगरहून नौपाड्यात डॉक्टरकडे जायचं म्हटलं की रिक्षावाले 'नाही' म्हणायचे कष्टही घेत नाहीत, नुसते पुढे बघतात. म्हणून साइडकार. ती दिसली की लोक हात पसरून एक ठरावीक गाणं म्हणतात. त्याचं मी आता मनावर घेत नाही.

मनावर घेतो ते टायरचं. गेल्या दिवाळीत घातलेला मागचा टायर मधोमध गुळगुळीत झालाय, कडांची नक्षी मात्र कोरी करकरीत. मेकॅनिक म्हणाला, साइडकारच्या गाडीचं असंच असतं. नुसती स्कूटर वळणावर कलते, टायर कडेपर्यंत वापरला जातो. साइडकार जोडली की कलणं बंद, मग झिजतो तो मधलाच पट्टा. त्यात हवा जास्त मारली तर तो पट्टा आणखी वर येतो आणि आणखी लवकर जातो. कमी मारली तर कडा खातो, आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून फाटते. "हवा बघत जा, मालक," एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

तर हवा बघायला गेलो. हवेवरच्या मुलाने माझ्याकडे न बघताच पुढच्या चाकाला नळी लावली. किती पाउंड म्हणून विचारलं तर म्हणाला, "पस्तीस." मागे? "पस्तीसच. मशीन सेट आहे." पुढे इतकी नको, म्हटलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं, साइडकार पाहिली, तिच्यात मांडीवर पिशवी घेऊन बसलेली आई पाहिली आणि दहा रुपयांचं वाक्य टाकलं. रिक्षाला तीन चाकं असतात, तिला फुकट देतोस ना, असं विचारलं. "मग रिक्षाच्या लायनीत लावा." रिक्षाच्या लायनीतून लगेच आवाज आला, "ए, ती रिक्षा नाहीये हां!"

आणि इथे काका आले.

काका सत्तरीचे. पांढरे बूट, अर्धी चड्डी, काखेत चपटा झालेला फुटबॉल. नातवाच्या फुटबॉलमध्ये हवा भरायला ते गाड्यांच्या रांगेत, दोन स्कूटरच्या मध्ये, नंबर लावून उभे होते. फुटबॉल माझ्या हातात देऊन ते खाली वाकले.

"पुढे कमी, मागे जास्त, हे तर झालंच. पण साइडकारच्या चाकाचं वजनावर ठरतं. वजन किती?"

"साइडकारचं?"

"आजींचं."

मागे हॉर्न वाजत होते, ते थांबले. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"आजी कुणाला म्हणता?" आई म्हणाली. "तुम्ही काय पंचविशीतले?"

"बरं, वहिनी. वजन?"

"बावन्न."

मागच्याच आठवड्यात डॉक्टरांच्या काट्यावर चौसष्ट भरलं होतं, पण मी गप्प बसलो. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग टायरकडे पाहिलं, आणि टायरवर जास्त विश्वास ठेवला. "पिशवीत काय आहे?" तूरडाळ आणि नारळ. "नारळ किती?" इथे मी म्हणालो की काका, मला फक्त हवा हवी आहे. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि साइडकारच्या टायरवर तळवा फिरवला.

"या बाजूने हात न्या. गुळगुळीत? आता उलटा फिरवा. खवले लागतात की नाही? चाक जास्त आत वळलंय. धावत नाहीये ते, घासतंय."

माणूस बरोबर बोलत होता, हाच माझा राग. साइडकारचं चाक मुद्दाम किंचित स्कूटरकडे वळवून बसवतात, नाहीतर गाडी डावीकडे ओढते. ते जास्त वळलं की टायर खवल्यांसारखा झिजतो. हे मला मेकॅनिकने सांगायला हवं होतं, ते फुटबॉलवाल्याने सांगितलं. पण तेवढ्यावर न थांबता ते म्हणाले, "शिवाय वहिनी उजवीकडे रेलून बसतात."

"मग काय करू? हा कसा चालवतो ते बघायला लागतं ना! लहानपणापासून कुणाचं ऐकायची सवय नाही याला."

दोघांचं जमलं. नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांवर बोलणं गेलं. तेवढ्यात मुलाने माझ्या हातातला फुटबॉल घेतला, काकांकडून पिन घेतली, हवा भरली, दाबून बघितला आणि परत दिला. पैसे नाहीत.

"याचे दहा रुपये नाहीत?"

"चेंडूला चाकं कुठे असतात, साहेब?"

घरी येऊन मी कायदा काढला. मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात मोटरसायकल म्हणजे दोन चाकी वाहन, आणि जादा चाकाची, सुटी करता येणारी साइडकारही त्यातच धरलेली. म्हणजे गाडी तीन चाकांवर उभी असली तरी कायद्याने दोन चाकीच. तो मुलगा संसदेच्या बाजूने बोलत होता. पण मग दोन चाकीला हवा फुकट आहे, तर दोन चाकीत धरलेल्या चाकालाही फुकट नको का? हे वाक्य मला पंपावर सुचायला हवं होतं.

रस्तेही याच हिशोबाचे. स्कूटरने मी खड्डा चुकवला की तो आईच्या वाटणीला जातो. दहा इंची चाक, त्याला घोडबंदर रोडचा खड्डा म्हणजे मुक्काम. बुजवतात तेही पेव्हर ब्लॉक टाकून, पहिल्या पावसात ते सुटतात, मग खड्डा असतो आणि वर ब्लॉकही असतात. रोड टॅक्स भरला, टायरवर जीएसटी भरला. हवा तेवढी राहिली होती.

पंपावर दहा रुपये शेवटी आईने दिले, पिशवीतल्या छोट्या पाकिटातून, "त्या पोराचं ऊन बघ" असं मला सुनावून. मुलाने तिसऱ्या चाकातही पस्तीसच मारली. आणि मी किक मारतो तोवर आईने काकांना विचारलंसुद्धा होतं, कुठे सोडू?

काका फुटबॉल घेऊन मागे बसले. मागचा टायर दबलेला मला बसल्या जागी कळला.

"काका, वजन किती तुमचं?"

"चला हो," काका म्हणाले, "मागे लाइन लागलीय."