डेलिगेट पिन करून काटा चालू राहत नाही

‘नेटिव्ह डीएलएलला कॉलबॅक देताना डेलिगेट पिन करा, भोवती ट्राय-कॅच लावा, तरी प्रोग्राम पडला तर डीएलएलच खराब.’ सी-शार्पवाल्यांच्या ग्रुपांवर हा सल्ला सध्या जोरात फिरतोय. नेटिव्ह डीएलएल म्हणजे सी-सारख्या भाषेतली, डॉटनेटबाहेरची लायब्ररी; कॉलबॅक म्हणजे तिने नंतर उलट बोलवायची आपली मेथड; डेलिगेट म्हणजे ती मेथड धरणारी सी-शार्पमधली वस्तू; पिन करणं म्हणजे वस्तू मेमरीत एका जागी खिळवणं; आणि ट्राय-कॅच म्हणजे चूक पकडणारा कोड. सल्ल्यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि कपाशीच्या सीझनमध्ये त्यापायी ट्रॉलीवाले काट्यावर ताटकळतात.

आधी पिनिंग. गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेल्या वस्तू गोळा करून मेमरी मोकळी करणारा डॉटनेटचा भाग) वस्तू हलवतो, म्हणून पत्ता चुकतो, असं समजलं जातं. पण नेटिव्ह कोडला डेलिगेटचा पत्ता मिळतच नाही. रनटाइम (प्रोग्राम चालवणारं डॉटनेट) एक छोटा थंक, म्हणजे मधल्या दुव्याचा कोड, बनवून त्याचा पत्ता देतो, आणि थंक जागचा हलत नाही. शिवाय डेलिगेटसाठी पिन्ड जीसीहँडल (पिन करायची सोय) मागितलं की सरळ आर्ग्युमेंट एक्सेप्शन (चूक) येतं. एकदा चालवून पाहिलं तरी कळतं.

खरं दुखणं वेगळं आहे: डेलिगेट जिवंत राहत नाही. चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगवर माझाच प्रोग्राम वजनकाट्याच्या डीएलएलकडून कॉलबॅकने वजन घ्यायचा. सकाळच्या ट्रॉल्या व्यवस्थित जायच्या, दुपारी भरलेलं वजन घेतानाच सगळं बंद. काटेवाल्याचा फोन ठरलेला: ‘भाऊ, परत बंद पडी गया!’ ऑफिसात कधीच पडला नाही, कारण तिथे तो पाच-दहा मिनिटंच चालायचा आणि कलेक्टरची पाळीच यायची नाही. डीएलएलकडे कॉलबॅकची नोंदणी करायच्या ओळीत मी फॉर्मच्या मेथडचं नुसतं नाव दिलं होतं. कंपायलर तिथे नवा डेलिगेट बनवतो, रनटाइम तो कॉल संपेपर्यंतच जपतो. पुढे डीएलएलने पत्ता धरून ठेवलाय, हे कलेक्टरला दिसत नाही. डेलिगेट मुख्य फॉर्मच्या प्रायव्हेट फील्डमध्ये ठेवला, फॉर्म बंद होण्याआधी नोंदणी रद्द केली, आणि ते फोन थांबले.

ट्राय-कॅच नोंदणीभोवती लावून काही उपयोग नाही. गोळा झालेल्या डेलिगेटवर कॉल आला की नवं डॉटनेट प्रोसेसच बंद करतं, कॅचपर्यंत काही पोचत नाही. तो हवा कॉलबॅकच्या आत, कारण तिथलं एक्सेप्शन नेटिव्ह कोडमधून बाहेर जाऊ देता कामा नये. लिनक्सवर तर तसं चालतच नाही.

आणि डीएलएलला दोष देण्याआधी कॉलिंग कन्व्हेन्शन बघा, म्हणजे कॉलनंतर स्टॅक (कॉलची तात्पुरती मेमरी) कोणी साफ करायचा याचा नियम. ३२-बिट विंडोजवर डेलिगेट एसटीडीकॉल हा नियम धरतो, सी-मधल्या बऱ्याच जुन्या डीएलएल सीडेक्ल हा दुसरा नियम पाळतात. डेलिगेटवर सीडेक्ल असं लिहिलं नाही तर स्टॅक बिघडतो. ६४-बिटवर हा फरक उरत नाही. जिनिंगवर आजही तीच डीएलएल चालू आहे.