प्रभागांचा आकडा आणि मतदानाचा दिवस

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या जवळजवळ चार वर्षांत राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाने कारभार पाहिला. चाळीतल्या नळाला गढूळ पाणी आले की संध्याकाळी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसायचे, ही माझ्या आईची वर्षानुवर्षांची रीत. त्या काळात ती फोनवर विचारायची, ‘आता सांगायचं कोणाला?’ टोरंटोत बसून माझ्याकडे उत्तर नसे.

निवडणूक झाली, विषय संपला, असे घरचे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण ज्या वाटेने ती लांबली ती वाट अजून मोकळीच आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने महापालिकेला पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. प्रभागांची संख्या ठरवणे मात्र राज्याच्या कायद्यावर सोडले. एका सरकारने २२७ प्रभागांचे २३६ केले, ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्याने ते पुन्हा २२७ वर आणले, म्हणजे प्रभागरचना पुन्हा नव्याने करणे आले, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होताच, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. आयुक्त राज्य नेमते, २०१७ मध्ये बंद झालेल्या जकातीची भरपाईही राज्याकडूनच येते. त्यात निवडून आलेल्या नगरसेवकांचे सभागृहही नसले तर शहराकडे स्वतःचे म्हणून काय उरते?

इकडे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. कॅनडाच्या राज्यघटनेत नगरपालिकांना स्वतंत्र स्थान नाही. २०१८ मध्ये प्रचार सुरू झालेला असताना ओंटारिओच्या प्रांतिक सरकारने टोरंटोच्या ४७ प्रभागांचे २५ केले, आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवले. हा शहरावर झालेला अन्यायच होता, असे माझे मत आहे. तरीही मतदान ठरल्या दिवशी, २२ ऑक्टोबरलाच झाले. मी येथे नागरिक नसल्याने मला मत नाही. पण पदपथावर साचलेल्या बर्फाबद्दल कळवले तेव्हा नगरसेविकेच्या कार्यालयातून फोन आला, आणि मतदार आहात का, असे कोणी विचारले नाही.

मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात प्रभागसंख्येत केलेला कोणताही बदल त्यापुढच्या निवडणुकीपासूनच लागू व्हावा, एवढी एक दुरुस्ती विधिमंडळाने करावी. ती आत्ताच करणे शक्य आहे, कारण महापालिकेचे सभागृह नुकतेच आले आहे आणि प्रभागरचनेचा हिशेब मांडण्याची घाई अजून कोणत्याच पक्षाला नाही.