टिमोलॉलच्या थेंबांबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार वाचली. आमच्या औषधाच्या दुकानात वडिलांचा काचबिंदूचा ड्रॉप, टिमोलॉल, मागितला तर आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, दम्याचा पंप चालू आहे का विचारलं आणि बाटली दिली नाही. शिवाय महिन्यानंतर उरलेलं औषध फेकायला सांगतो ते खप वाढवायला, असं तुमचं म्हणणं. रत्नागिरीपर्यंत एसटीने येऊन रिकाम्या हाताने परतणं जिवावर येतंच. तरी टिमोलॉल चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, आणि पंपाचं आम्ही विचारणारच.

हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे नाडी मंद करणाऱ्या औषधांच्या जातीतला. डोळ्याच्या आत पाणी तयार होणं तो कमी करतो, म्हणून दाब उतरतो. पण थेंब डोळ्यातच राहत नाही. अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून गाळला जात नाही. मग नाडी मंदावते, श्वासनळ्या आवळतात. दमेकऱ्याला एवढ्या थेंबानेही जोराची धाप लागू शकते. वर पंपातलं श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, सालब्युटामॉल, जिथे काम करतं तीच जागा टिमोलॉल अडवतो, त्यामुळे ऐन वेळी पंपाचाही गुण कमी येतो. थेंबानंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबला तर रक्तात कमी जातं. सगळ्यांनी करावंच, पण दम्याला तेवढ्याने भागत नाही.

चिठ्ठी आणखी एका कारणासाठी लागते. डॉरझोलामाइड, ब्रिमोनिडीन या काचबिंदूच्याच दुसऱ्या औषधांच्या कित्येक बाटल्यांत टिमोलॉल मिसळलेलंच असतं. टिमोलॉलची जुनी बाटलीही चालू राहिली की डोस दुप्पट.

५ मिलीत साधारण १०० थेंब. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा म्हणजे ४ थेंब, बाटली २५ दिवसांत संपते. एकाच डोळ्याला असेल तर उरणारच. तरी उघडल्यावर ४ आठवड्यांनी टाकायची, कारण टोक पापणीला लागून आत जंतू जातात.

आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना पंपाचं सांगा. त्यांना न विचारता थेंब बंद करू नका, दाब पुन्हा चढतो. धाप लागली तर मात्र थेंब थांबवून लगेच दवाखाना गाठा. त्यांनी लॅटानोप्रोस्ट हा काचबिंदूचा दुसरा ड्रॉप लिहून दिला तर चिठ्ठी घेऊन या. त्याची बंद बाटली बहुतेक वेळा फ्रीजमध्ये ठेवावी लागते, एसटीतल्या उकाड्यासाठी बर्फाची पिशवी सोबत बांधून देऊ.