दावा लावायच्या आधी कागद बघायला नकोत का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की अमेरिकेत सैनिकांना दिवाणी बाबतीत संरक्षण देणारा जो एससीआरए कायदा आहे, त्याखाली तिथल्या न्याय खात्याला दावा लावायच्या आधीच कंपन्यांकडून कागदपत्रं मागवायचा अधिकार पाहिजे. तुमचं म्हणणं, हा धंदेवाल्यांच्या मागे लावलेला सरकारी ससेमिरा होईल, सैनिक स्वतः कोर्टात जाऊ शकतो, आणि आपल्या 1925 च्या कायद्यात असलं काही नाही. मला यातलं काहीच पटलं नाही, का ते सांगतो.

आधी आपला कायदा. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट हा मुळात कोर्टात चालू असलेल्या केसबद्दल आहे, म्हणजे सैनिक ड्युटीमुळे हजर राहू शकत नसेल तर कोर्टाने सुनावणी थांबवायची वगैरे. तिथे निदान समोर जज असतो. अमेरिकेत कित्येक राज्यांत घराचा लिलाव कोर्टाची पायरी न चढताच होतो आणि हप्ते थकले की गाडी तर रात्रीतून टो करून नेतात. जजच्या नजरेला काही पडतच नाही. म्हणून तर एससीआरए म्हणतो की कर्ज नोकरीत जायच्या आधीचं असेल तर कोर्टाच्या ऑर्डरशिवाय घराला, गाडीला हात लावायचा नाही.

आता एक केस बघा. नॉर्थ कॅरोलिनातला नॅशनल गार्डचा (म्हणजे राखीव सैन्याचा) एक जवान अफगाणिस्तानला जायच्या तयारीत होता तेव्हा वेल्स फार्गो बँकेने त्याची सेकंडहँड गाडी उचलली, लिलावात विकली आणि वर दहा हजार डॉलरपेक्षा जास्त बाकी आहे म्हणून त्याच्या नि घरच्यांच्या मागे लागले. तो वकिलाकडे गेला, प्रकरण न्याय खात्यापर्यंत पोचलं आणि 2016 मध्ये सेटलमेंट झाली तेव्हा अशा 413 गाड्या निघाल्या, पुढे आणखी शोधल्यावर आकडा 863 वर गेला. बाकीच्या शेकडो जणांना आपल्यावर अन्याय झालाय हे तरी माहीत असेल का? सँटँडर या गाडीकर्ज देणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये 2015 ला हजारावर गाड्या होत्या, आणि 2014 मध्ये सॅली मे आणि नॅव्हिएंट या कंपन्यांच्या स्टुडंट लोनमध्ये याच कायद्यातली 6 टक्के व्याजाची मर्यादा पाळली नाही म्हणून जवळजवळ 78 हजार सैनिकांना मिळून 6 कोटी डॉलर द्यायचं ठरलं.

आणि इथेच माझा सगळा मुद्दा आहे. 2010 च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी जनरलला, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाला, दावा लावायचा हक्क स्पष्ट दिला पण अट अशी की कंपनीची कायदा मोडायची पद्धतच पडलेली दिसली पाहिजे किंवा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा पाहिजे. आता पद्धत कुठे दिसणार? कंपनीच्या फायलीत! गाडी उचलायच्या आधी संरक्षण खात्याच्या वेबसाइटवर नाव नि जन्मतारीख टाकून माणूस सैन्यात आहे का हे चेक करता येतं, फुकट, सर्टिफिकेटही लगेच मिळतं. ते चेक केलं होतं की नाही हे फक्त त्या फाइलवरून कळतं. आणि दावा लावायच्या आधी ती फाइल मागायचा अधिकार त्या दुरुस्तीत दिलेलाच नव्हता. कंपनीने आपणहून दिली तर ठीक, नाहीतर एका सैनिकाच्या तक्रारीवर अंदाज बांधत बसायचं. अँटीट्रस्टमध्ये (मक्तेदारीविरोधी कायद्यात) 1962 पासून आणि सरकारी पैशाच्या फसवणुकीत 1986 पासून न्याय खात्याकडे हेच हत्यार आहे, सरकारचे पैसे बुडाले तर ते वापरता येतं आणि जवानाची गाडी गेली तर येत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

स्वतः कोर्टात जायचं म्हणाल तर करारात बारीक अक्षरात लवादाचं कलम असतं, म्हणजे भांडण कोर्टात न नेता खासगी लवादाकडे न्यायचं, तिथेच बरेचजण अडकतात. शिवाय पोस्टिंगवर असलेल्या माणसाने वकील शोधायचा कधी, त्याची बायको एकटी मुलं सांभाळत फोनवर रिकव्हरीवाल्यांशी भांडत असते.

ससेमिऱ्याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. पण ही कागदांची मागणी म्हणजे धाड नव्हे. दुसऱ्या कायद्यांत अशी नोटीस आली की कंपनी कोर्टात जाऊन ती रद्द करा किंवा कमी करा म्हणू शकते, तशीच सोय इथेही हवी. छोट्या टोइंगवाल्याकडे दहा वर्षांचं रेकॉर्ड मागू नये, काळाची मर्यादा घालावी, यावर मी तुमच्याबरोबर आहे. किती वर्षांची ठेवावी, तुमचं काय मत?