सतरंजी आणि आउफबाउ

श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात वाद्यवृंद मंडळाचा उन्हाळी उत्सव जवळ आला, तेव्हा सूचनाफलकावर एक ओळ लागली : ‘विर झूखन नॉख हेल्फर फ्युअर डेन आउफबाउ’, म्हणजे मांडामांडीच्या कामाला आम्हांला अजून मदतनीस हवे आहेत. तंबूचे खांब उभे करणे, घडीची बाके लावणे, विजेच्या तारा ओढणे हे सारे ‘आउफबाउ’, आणि उत्सव संपल्यावर ते उतरवून ठेवणे म्हणजे ‘आबबाउ’. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेली शहरे पुन्हा उभारण्याला जर्मन माणसे ‘वीडरआउफबाउ’ म्हणतात. बाके लावण्यालाही त्यांना तोच शब्द पुरतो, याचे मला फार अप्रूप वाटले.

मला मात्र आठवली ती सतरंजी. महाराष्ट्रात निवडणुकीची तिकिटे वाटली गेली की ‘आम्ही आयुष्यभर सतरंज्याच उचलायच्या का?’ हा सवाल दर वेळी ऐकू येतो. वीस-वीस वर्षे राबलेल्यांना डावलून काल पक्षात आलेल्याला उमेदवारी मिळत असेल, तर हा संताप रास्तच आहे. परंतु सतरंजी उचलणे हे कमी प्रतीचे काम असून व्यासपीठावर बसायला मिळेपर्यंतच ते करायचे असते, हे त्या सवालात गृहीत धरलेले असते आणि ते मला मान्य नाही.

मी यादीत नाव लिहिले. शुक्रवारी दुपारी चारच्या पाळीत माझ्यासोबत बाकाचे दुसरे टोक धरायला मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नव्हते.

याचे सगळे श्रेय मी जर्मन स्वभावाला देणार नाही. येथे मजुरी महाग असल्याने छोट्या मंडळाला मंडपवाला परवडत नाही. शिवाय अशा कामाला कायद्याचाही आधार आहे : सात सभासद जमले की मंडळाची रीतसर नोंदणी करता येते, आणि लोकोपयोगी संस्थेत मानद काम करणाऱ्याला मिळणाऱ्या छोट्या मानधनावर ठराविक मर्यादेपर्यंत कर लागत नाही. तरीही खजिनदारपदाला माणूस मिळत नाही, ही तक्रार येथेही ऐकू येते. आपल्याकडे मंडप उभारणाऱ्या कामगारांचे पोट त्या कामावर चालते, त्यामुळे सगळे आपणच करावे असे मी येथे बसून म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावे अहवालात असतात तशी कामाच्या यादीतही असावीत.

हे आपल्याला परके नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. झाडू मारणारा आणि कीर्तन करणारा माणूस एकच होता. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले, पण सभेच्या आदल्या रात्री सतरंज्या अंथरणाऱ्यांत वक्ते क्वचितच दिसतात.

येथील आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी यंदा मी तशीच यादी फिरवली आहे. कार्यकारिणीतील सर्वांनी आउफबाउच्या रकान्यात नावे लिहिली. विसर्जनानंतरच्या रात्रीच्या आबबाउला अजून तीन माणसे हवी आहेत.